वजन उतरलं नाही, तर चूक कुणाची?

सोलापुरात दर थोड्या दिवसांनी एक जुनाच वाद पुन्हा निघतो. वजन कमी करून देणाऱ्या कुठल्यातरी सेंटरनं पैसे घेऊन शटर ओढलेलं असतं, किंवा कुणाच्या तरी वहिनीनं महागडी पावडर पिऊन पिऊन शेवटी नुसतं पित्त वाढवून घेतलेलं असतं, आणि मग होम मैदानावरच्या सकाळच्या फेऱ्या असोत नाहीतर नव्या पेठेतल्या दुकानाची पायरी, लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हे सगळे चोर आहेत, धरून आत टाका. दुसरी म्हणते, चोर कसले ओ, लोकांनाच बसल्या जागी बारीक व्हायचंय, घाम गाळायला नको, तोंडावर ताबा नको, मग फसणारच की! आणि गंमत म्हणजे वाद दरवेळी दुसरी पार्टीच जिंकते. पहिलीवाले पण शेवटी मान हलवतात, ते बी खरंय म्हणतात, चहा संपवतात आणि घरी जातात.

मला हे दुसरं म्हणणं साफ चुकीचं वाटतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर सोडून दिलं असतं, पण माझं म्हणणं असं आहे की या धंद्याचं सगळ्यात मोठं भांडवल हे म्हणणंच आहे. फुकटात मिळालेलं आणि तेही आपल्यासारख्या शहाण्या लोकांकडून. घरातला मिक्सर चालला नाही तर माणूस दुकानात जाऊन भांडतो, वजन उतरलं नाही तर मात्र आरशापुढं उभा राहून स्वतःशीच भांडतो, आणि विकणाऱ्याला नेमकं हेच पाहिजे असतं. माल चालला तर श्रेय मालाचं, नाही चालला तर दोष गिऱ्हाइकाचा. असला धंदा कधी बुडेल का? आणि आपण पायरीवर बसून 'लोकच आळशी' म्हणतो तेव्हा त्या सेंटरवाल्याचं वकीलपत्रच घेतलेलं असतं, तेही बिनपगारी.

पद्धत कशी असते बघा. जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो नाहीतर अशोक चौकाकडची एखादी गल्ली, सुरुवात फुकट बॉडी चेकअपनं होते. मशिनवर उभं करतात, हातात दोन दांडे देतात, आणि आकडा सांगतात: ताई, तुमचं वय ३४ पण शरीराचं वय ५२ आलंय. ताईच्या पायाखालची जमीन सरकते. आता हे मशिन करतं काय, तर अंगातून अगदी बारीक करंट सोडतं, त्याला किती अडथळा होतो ते मोजतं आणि त्यावरून चरबी किती असेल याचा अंदाज बांधतं. सकाळी पाणी कमी प्यालात, जेवून आलात, पाळी जवळ आली असेल तर आकडा बदलतो. अंदाज म्हणून ठीक आहे, मोठ्या अभ्यासांमध्येही असली मशिनं वापरतात, पण 'शरीराचं वय' असा काही वैद्यकीय तपासणीतला ठरलेला आकडा नाहीये, ते त्या कंपनीनं आपल्या सूत्रानं काढलेलं एक घाबरवायचं साधन आहे. मग पॅकेज, मग डबे, मग ग्रुपवर रोज ताटाचे फोटो टाकायचे.

पहिल्या आठवड्यात दोन किलो जातात. खरंच जातात, ती फसवणूक नाही, आणि सगळा खेळ इथंच लपलेला आहे. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर असते, ग्लायकोजेन म्हणतात तिला, साधारण चार-पाचशे ग्रॅम, आणि तिच्या दर ग्रॅममागं अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भाकरी-भात तोडला की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, चरबी मात्र जवळपास आहे तिथंच. पोटाला घाम काढणारा पट्टा बांधला तरी तेच, लिटरभर घाम म्हणजे एक किलो, संध्याकाळी दोन तांबे पाणी प्यालं की परत. पण गिऱ्हाईक तर खूश झालेलं असतं, चार मैत्रिणींना सांगून मोकळं झालेलं असतं, पुढच्या दोन महिन्यांचे पैसेही भरलेले असतात. मग काटा थांबतो. थांबणारच, कारण आता खरी चरबी जायला हवी आणि तिचा वेग मंद असतो. इथून पुढं सेंटरची भाषा बदलते. तुम्ही पाणी कमी पिताय. रविवारी लग्नाला गेला होतात ना? झोप नीट नाही. टेन्शन घेताय. मनापासून करत नाही आहात. या यादीतलं एकतरी कारण कुठल्याही जिवंत माणसाला लागू पडतंच, त्यामुळं बाई घरी येते ती स्वतःलाच दोष देत.

हे आपण कुठंतरी आधी ऐकलंय की नाही? बुवाकडं गेलेल्या माणसाचा पोरगा बरा झाला तर अंगाऱ्याचा गुण, नाही झाला तर तुझी श्रद्धा कमी पडली, किंवा मंगळवारी तू चुकून काहीतरी खाल्लंस. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, त्याआधी कित्येक वर्षं डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते त्यासाठी झगडत होते, आणि तेव्हाही समोरून हाच युक्तिवाद यायचा की लोक आपणहून जातात, कुणी ओढून नेतं का? दाभोलकरांचा खून झाल्यावर मग कुठं सरकारनं अध्यादेश काढला. आज अंगाऱ्याला हसणारी, चांगली शिकलेली माणसं मी बघतो, डब्यावर 'डिटॉक्स', म्हणजे अंगातली घाण काढणारं, असं लिहिलेलं असलं की निमूट पैसे काढतात आणि गुण आला नाही तर शेजारच्या भक्तासारखीच स्वतःत खोट शोधत बसतात. रक्त गाळायचं काम शरीरात लिव्हर आणि किडनी रात्रंदिवस फुकट करत असतात, पण त्यांची जाहिरात कोण करणार.

आता जाहिरातीतला एक आकडा घेऊ आणि साधा हिशोब करू. 'महिन्यात १५ किलो.' एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. १५ किलोचे झाले एक लाख १५ हजार ५००, म्हणजे रोजची तूट ३८५० कॅलरींची पाहिजे. साधारण बाईचा दिवसाचा सगळा खर्च, श्वास घेण्यापासून धुणंभांडी आणि भाजी आणण्यापर्यंत, २००० च्या आसपास असतो. म्हणजे तिनं महिनाभर अन्नाचा कण तोंडात घातला नाही तरी हा आकडा गाठता येत नाही. आता मला सांगा, जे उपाशी राहूनसुद्धा होणार नाही ते झालं नाही म्हणून तिला आळशी म्हणायचं? हा हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल, तरी असले बोर्ड चौकात दिवसाढवळ्या लागतात आणि आपली चर्चा मात्र बाईच्या वडापाववर चालते.

बरं, समोरच्या पार्टीचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. एक, कुणी बंदूक लावून पैसे घेत नाही, मोठी माणसं आहेत, आपल्या पैशाचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. दोन, वजन उतरवायला कष्ट लागतात हे खोटं नाही, खाणं बदलावं लागतं आणि ते बदललेलं टिकवावं लागतं. तीन, आणि हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, काही लोकांचं खरंच उतरतं. शेजारची ताई त्या पावडरवर बारा किलो उतरली, डोळ्यानं बघितलंय, मग सगळंच थोतांड कसं? चौथा मुद्दा कुणी मोठ्यानं बोलत नाही पण आहे. सकाळी पावडरचा शेक प्यायला क्लबात जमणाऱ्या बायकांना पहिल्यांदा घराबाहेर एक जागा मिळते, कुणीतरी विचारतं आज कसं वाटतंय, टाळ्या वाजवतं. सरकारी दवाखान्यात हे कोण करतं? गर्दीत डॉक्टर कागदावर 'वजन कमी करा' लिहितात, कसं करा ते सांगायला त्यांना वेळ नसतो. त्यामुळं ती बाई क्लबात जाते यात मला काही मूर्खपणा दिसत नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो. पावडर पिऊन वजन उतरतं का? उतरू शकतं. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची एक चाचणी झाली, तिचे निकाल २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डायबेटिस असलेल्या लोकांचं नेहमीचं जेवण पूर्ण बंद करून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या शेक आणि सूपवर ठेवलं, डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली, मग हळूहळू जेवण सुरू केलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधाशिवाय आटोक्यात आला, रेमिशन म्हणतात ते. क्लबवाले हे दाखवून म्हणू शकतात, बघा! पण त्याच पेपरात हेही छापलंय की निम्म्याहून जास्त लोकांना ते जमलं नाही. दोन वर्षांनी तर आकडा ३६ टक्क्यांवर आला. कुणाला त्रास झाला, कोण मधेच सोडून गेलं, सगळं नोंदलंय. तिथं न जमलेली माणसंही हिशोबात धरली जातात, ती उपायाच्या खात्यावर पडतात. आपल्याकडच्या भिंतीवर फक्त बारा किलोवाल्या ताईंचा आधी-नंतरचा फोटो असतो. तिच्याबरोबर आलेल्या बाकीच्यांचं काय झालं? कुणाचं दोन किलो गेलं आणि तीन परत आलं, कुणाचे केस गळले, कुणी तिसऱ्या आठवड्यात यायचं बंद केलं, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. आणि ती ताईसुद्धा रात्रीच्या जेवणाऐवजी शेक पीत होती, म्हणजे एक जेवण कमी झालं म्हणून उतरली, त्या कमी जेवणाचे पैसे कसले घेता?

'रिझल्ट येतो' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी एक जुनी गोष्ट जरूर वाचावी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वापरायचे, ते हाताळणारे कामगार बारीक व्हायला लागले, अंग तापायचं, घाम फुटायचा, काही मेलेही. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते वजन कमी करायला वापरता येतं असं दाखवलं आणि बघता बघता ते गोळ्या होऊन विकायला आलं. रिझल्ट शंभर नंबरी! शरीर आतल्या आत जळत राहायचं, वजन भराभर उतरायचं. मग लोकांना मोतीबिंदू व्हायला लागले, काहींचा ताप वाढत वाढत जीव गेला, आणि १९३८ साली तिथल्या सरकारनं ते माणसांसाठी घातक म्हणून बंद पाडलं. अजूनही इंटरनेटवरून चोरून विकलं जातं आणि अजूनही त्यानं माणसं मरतात. तेव्हा उतरलं की नाही एवढंच विचारून भागत नाही, कशानं उतरलं हे पण विचारावं लागतं.

'आमचं हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही' हे ऐकलं की मला तर जास्तच भीती वाटते. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून मागं घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएला 'नैसर्गिक', 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांमध्ये तेच सिब्युट्रामिन लपवलेलं सापडत राहिलं. म्हणजे ज्या हर्बल गोळीनं काही होत नाही ती तुमचे पैसे खाते, आणि जिनं अचानक भूकच मरते तिच्यात काय घातलंय ते देव जाणे. बीपीची गोळी चालू असलेल्या पन्नाशीतल्या बाईनं हे खाल्लं तर?

आता आळस. या शब्दावर तर माझं डोकंच फिरतं. सोलापुरात राहून कुणी जाड माणसाला आळशी म्हणत असेल तर त्यानं एकदा विडी कामगारांच्या वस्तीत दुपारी चक्कर मारावी. मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते, पानं कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, हजाराचा हिशोब पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. मान मोडते, बोटं दुखतात, आणि वजन वाढतं, कारण दिवसभर बसून आहे, आणि ताटात भात नाहीतर भाकरी आणि पातळ आमटी, डाळ-अंडं परवडेल तेव्हा. यंत्रमागावर लांबच्या पाळ्या करणारा माणूस रात्री घरी येऊन जेवतो आणि आडवा होतो. यांना सांगणार का पहाटे पाचला उठून जॉगिंग करा? आणि पीसीओडी, थायरॉइड, बाळंतपण, पाळी जाण्याची वर्षं, डिप्रेशनच्या गोळ्या, स्टिरॉइड, या सगळ्यानं वजनावर परिणाम होतो, तो कुठं मोजायचा? २०२३ साली आयसीएमआरचा इंडिया-बी अभ्यास आला, त्यात देशातल्या प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांचं पोट सुटलेलं निघालं. दर दहांतले चार! एवढी माणसं एकाच पिढीत अचानक आळशी झाली असं म्हणायचंय का? की बसून करायची कामं, स्वस्त तेल-साखर-मैदा, चालायला फुटपाथ नाही आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, याचा काही संबंध असेल?

शिवाय लोक कष्ट करायला तयार नसतात हे धडधडीत खोटं आहे. काही वर्षांपूर्वी अख्ख्या महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर असा वाद रंगला होता आठवतंय? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे दिवसात दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका, आणि ४५ मिनिटं चाला. ऋजुता दिवेकर म्हणायच्या थोडं थोडं पण वेळेवर खा, घरचं खा, तूप सोडू नका. कुणाचं बरोबर यात मी पडत नाही. पण तेव्हा माणसांनी साखरेचा चहा सोडला, पाहुण्यांच्या घरी ताटावरून वाईटपणा घेतला, भर उन्हाळ्यात गच्चीवर फेऱ्या मारल्या. सोलापूरच्या माणसानं शेंगापोळी पुढं आलेली असताना 'माझं जेवण झालंय' म्हणायचं म्हणजे काय तपश्चर्या आहे ते परगावच्या माणसाला कळायचं नाही. ही माणसं आळशी? ही तर सांगाल ते करायला तयार असलेली माणसं आहेत, आणि ठग नेमके अशांनाच गाठतात. खऱ्या आळशाला पॅकेज विकून दाखवा, तो उठून सेंटरपर्यंतसुद्धा येणार नाही.

'मोठी माणसं आहेत, त्यांचं त्यांनी बघावं' हा मुद्दाही नवा नाही. १९५४ साली आपल्याकडं औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा झाला, त्यातल्या रोगांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे अमुक औषधानं लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात करणं सत्तर वर्षांपासून गुन्हा आहे! तेव्हाही औषधवाले कोर्टात गेले, म्हणाले हा आमच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात १९५९ साली सुप्रीम कोर्टानं कायद्यातली काही कलमं सैल लिहिलीत म्हणून उडवली, पण असल्या जाहिरातींना बोलण्याचं स्वातंत्र्य लागू होत नाही हे स्पष्ट सांगितलं. स्वातंत्र्य म्हणायचं तर निवडायला खरी माहिती लागते की नाही? तुम्ही खोटा आकडा सांगून पैसे घेतले तर मी निवड केली असं कसं म्हणता येईल, ती निवड तुम्हीच माझ्या नावावर केलीत.

मग एवढा जुना कायदा असून हे चालतं कसं? एक मोठी पळवाट आहे. त्या कायद्यात शरीरावर परिणाम करणाऱ्या वस्तूंची जी व्याख्या आहे तिच्यात 'अन्न सोडून' असं लिहिलंय. म्हणून पावडर औषध म्हणून विकतच नाहीत, अन्न म्हणून विकतात, सप्लिमेंट म्हणतात, न्यूट्रिशन म्हणतात. डब्यावर एफएसएसएआयचा नंबर असतो आणि क्लबची ताई तो बोट ठेवून दाखवते, बघा सरकारमान्य आहे. अहो, तो नंबर शेंगाचटणीच्या पाकिटावर पण असतो! तो अन्नाच्या धंद्याचा परवाना आहे, वजन उतरतं याचा दाखला नाही. अन्नाच्या बाबतीतही खोट्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, २०१९ च्या ग्राहक कायद्यात पुन्हा तेवढाच, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीवर वर्षभर बंदी घालता येते. कागदावर सगळं आहे. पण हे वापरायला कुणीतरी तक्रार करायला लागते, आणि तक्रार येत नाही.

का येत नाही? कारण लाज. माझ्या नात्यातल्याच एका काकूंनी एका सेंटरला १८ हजार भरले, निम्म्यात त्यांना कळलं की काही होत नाहीये, मी म्हटलं परत मागा, ग्राहक मंचात जाऊ, तर म्हणाल्या, "नको रे बाबा, तिथं सगळ्यांसमोर माझं वजन वाचतील, आणि म्हणतील बाईलाच जमलं नाही." संपला विषय. तसं पाहिलं तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्याआधी १९१५ वर फोन करता येतो. पण काकूंना अडवणारी गोष्ट फी नव्हती, पायरीवरच्या त्या दुसऱ्या पार्टीचं हसू होतं. अमेरिकेत सेन्सा नावाची एक पावडर होती, जेवणावर भुरभुरवा आणि बारीक व्हा, बाकी काही बदलू नका. २०१४ साली तिथल्या व्यापार आयोगानं त्या कंपनीला २ कोटी ६५ लाख डॉलर गिऱ्हाइकांना परत करण्यासाठी भरायला लावले. तिथं आयोगानं असं नाही विचारलं की भुरभुरवून बारीक होईल असं तुम्हाला वाटलंच कसं, अक्कल कुठं गेली होती. त्यानं कंपनीला विचारलं, पुरावा कुठंय?

हल्ली वजन कमी करायची इंजेक्शनं आलीत, २०२५ पासून आपल्याकडं पण मिळायला लागलीत, आणि लगेच तोच सूर, हे चीटिंग आहे, कष्ट न करता बारीक होणं खरं नव्हे. म्हणजे खोटी पावडर घेतली तरी आळशी आणि खरं औषध घेतलं तरी आळशी! त्यातल्या सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं, मळमळ-उलट्यांचा त्रास किती जणांना झाला तेही लिहिलंय. महाग आहे, सगळ्यांसाठी नाही, डॉक्टरशिवाय घ्यायचं नाही. पण निदान त्याची मर्यादा विकणाऱ्यालाच सांगावी लागते. आता याच्या नावानं नकली आणि 'हर्बल इंजेक्शनसारखंच' असलं काहीतरी गल्लीत येणार हे मी आजच सांगून ठेवतो.

क्लब चालवणाऱ्या बायकांचं काय, त्या पण चोर का? बहुतेक जणी नाहीत. त्या आधी गिऱ्हाईक होत्या, मग 'कोच' झाल्या, डबे उधारीवर उचलून बसल्यात, खाली दहा जणी जोडल्या तर वरचं कमिशन. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड पद्धतीला बंदी आहे, पण घरातल्या हॉलमध्ये चाललेल्या क्लबात कोण जाऊन बघतंय. वजन उतरलं नाही तर दोष गिऱ्हाइकाचा आणि डबे खपले नाहीत तर दोष कोचचा, वरच्या माणसाला दोन्हीकडून धक्का लागत नाही. तिला शिव्या घालून काही होणार नाही, तिच्या वरचा शोधा.

माझी मागणी छोटी आहे. असल्या सेंटरच्या उद्घाटनाला आपल्याकडं फीत कापायला नगरसेवक जातात, कधी डॉक्टरही जातात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि तो फ्रेम करून रिसेप्शनला लागतो. गिऱ्हाइकाचा अर्धा विश्वास त्या फ्रेमवर असतो. तर कात्री हातात घ्यायच्या आधी या मंडळींनी मालकाला एवढंच विचारावं: गेल्या वर्षी तुमच्या दुसऱ्या ब्रँचला किती जण आले, त्यातल्या किती जणांचं वजन उतरलं आणि वर्षानंतर ते किती जणांचं उतरलेलंच राहिलं, तेवढं कागदावर लिहून द्या. आणि ज्यांचं नाही उतरलं त्यांना किती पैसे परत दिले, तो आकडा खाली.